एचओ हॉपर वॅगनची शंभरेक किट बनवायची आहेत, सगळं प्रिंट करू की रेझिनमध्ये ओतू?

रूळवेडा:
नमस्कार मंडळी. मी मॉडेल रेल्वेच्या एचओ मापात, म्हणजे १:८७ मध्ये, स्वतःच्या लेआउटसाठी (घरच्या छोट्या रुळांच्या मांडणीसाठी) एक हॉपर वॅगन, म्हणजे वरून भरून खालच्या दारांतून रिकामी करायची मालगाडीची वॅगन, बनवलीय. ड्रॉइंग स्वतःच काढलं आणि रेझिन प्रिंटरवर छापली. मूळ वॅगन १२ मीटरची, म्हणजे मॉडेल साधारण १३८ मिमी भरतं. कडेच्या उभ्या पट्ट्या, खालची दारं, टोकाचे तिरके पत्रे सगळं छान उतरलंय आणि आता ओळखीतले मॉडेलवाले मागे लागलेत की पैसे घे पण आम्हालाही दे. ही वॅगन तयार मॉडेलमध्ये कुणी काढलेली नाही आणि पुढे कुणी काढेल असंही वाटत नाही, म्हणून मनापासून वाटतंय की नीट किट बनवावं, शंभरेक नग, जास्त नाही.

आता अडलंय कुठे तर सगळी किट प्रिंटरवरच काढायची म्हटली तर एका प्लेटवर आडव्या दोनच बॉडी मावतात आणि सपोर्ट, म्हणजे छापताना आधाराला दिलेल्या काड्या, तोडणं, घासणं यात प्रत्येकीला भरपूर वेळ जातो. सिलिकॉनचा साचा करून रेझिन ओतावं तर ते काम मी केलेलं नाही. शिड्या आणि हातदांडे प्रिंटमध्ये इतके नाजूक येतात की नुसता हात लागला तरी मोडतात, घरच्या लेआउटवर चालून जातं पण विकायच्या किटमध्ये कसं चालेल. बोगी, चाकं, कपलर (डबे जोडायचे आकडे) स्वतः बनवावेत, विकत आणून किटमध्ये घालावेत की घेणाऱ्यावर सोडावेत? आणि किंमत कशी लावता तुम्ही लोक? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा प्लीज.

साचेवाला:
शंभर नग म्हणजे बरोबर रेझिन ओतकामाचा आकडा आहे. दहा-वीस असते तर प्रिंटच करा म्हटलं असतं, हजारांत असते तर धातूचा डाय करून इंजेक्शन मोल्डिंग, पण डायचा खर्च शंभर नगांवर वाटला तर कुणी किटला हात लावणार नाही, त्यामुळे तो विषय सोडा.

पहिली गोष्ट मास्टर, म्हणजे ज्यावरून साचा काढायचा तो मूळ नमुना. प्रिंट केलेला मास्टर तसाच सिलिकॉनमध्ये बुडवू नका. सिलिकॉन दोन जातीचं मिळतं, प्लॅटिनमवालं आणि टिनवालं. प्लॅटिनमवालं जवळजवळ आकसत नाही आणि त्याचा साचा खूप टिकतो, पण प्रिंटरच्या रेझिनशी त्याचं वाकडं आहे, प्रिंटला जिथे टेकतं तिथे ते सेटच होत नाही, चिकट राहतं आणि तो चिकटा रिव्हेट-रिव्हेटच्या कडेला जाऊन बसतो, साचाही गेला आणि मास्टरही गेला. मास्टर नीट धुऊन, यूव्हीखाली पूर्ण पक्का करून, वर क्लिअर लॅकरचा पातळ हात दिला तर बऱ्याचदा जमतं पण तरी त्याच रेझिनच्या एखाद्या फालतू तुकड्यावर सिलिकॉनचा थेंब टाकून आधी बघायचंच. टिनवालं सिलिकॉन प्रिंटवर बिनबोभाट सेट होतं, फक्त ते थोडं आकसतं आणि साचा वर्ष-दोन वर्षांत कडक होऊन फाटायला लागतो. शंभर नगांसाठी मी टिनवालंच घेईन.

दुसरं, अख्खी बॉडी एका तुकड्यात ओतायच्या भानगडीत पडू नका. हॉपर वरून उघडा, खालून उघडा, आत तिरके पत्रे, त्याचा साचा म्हणजे आत गाभा, बाहेर दोन भाग, आणि जोडरेषा नेमक्या पट्ट्यांवरून जाणार. त्यापेक्षा दोन बाजू, दोन टोकं, मधला खालचा भाग असे सपाट तुकडे करा आणि उघडा साचा करा. उघड्या साच्यात पाठीमागची बाजू ओबडधोबड येते आणि तुमची वॅगन आतून दिसणारी आहे, म्हणून रेझिन ओतलं की वरून पॉलिएस्टर फिल्मचा तुकडा एका कडेकडून हळूहळू टेकवत न्यायचा, हवा पुढे ढकलली जाते, मग त्यावर काच आणि वजन. सुटल्यावर पाठ अगदी गुळगुळीत निघते, जाडीही सगळीकडे सारखी, घासायचं काम जवळपास शून्य.

ओतायच्या आधी साच्यात टाल्कम पावडर ब्रशनं मारून जास्तीची झटकून टाका, रेझिन बारीक खाचांत ओढलं जातं. पॉलियुरेथेन रेझिन दोन भागांचं असतं, मिसळल्यावर तीन-चार मिनिटांत घट्ट व्हायला लागतं, त्यामुळे एका वेळी थोडंच मिसळा. बाटली उघडी राहिली की हवेतला ओलावा खातं आणि पुढच्या वेळी फेसाळतं. प्रेशर पॉट, म्हणजे बुडबुडे चेपायला आत दाबानं हवा भरायचं भांडं, वापरणार असाल तर एक लक्षात ठेवा, साचासुद्धा त्याच प्रेशरखाली सेट झालेला पाहिजे, नाहीतर सिलिकॉनमधले बुडबुडे दाबाखाली चेपतात आणि कास्टिंगवर बारीक बारीक पुळ्या येतात. पॉट दाबासाठी बनवलेलाच घ्या, घरातलं दुसरं कुठलंही भांडं नको.

एका साच्यातून तीसेक चांगले नग धरा, त्यानंतर बारीक कडा फाटायला लागतात. म्हणजे शंभरासाठी तीन-चार साचे लागणारच. म्हणून मूळ मास्टर जपून ठेवा, त्यातून पहिल्या साच्यात चांगले चार तुकडे काढा आणि त्या चार तुकड्यांचा मिळून उत्पादनाचा साचा करा, एका ओतीत चार बाजू निघतील.

आणि मास्क, हातमोजे, खेळती हवा. या रेझिनच्या एका भागात आयसोसायनेट असतं, श्वासाची ॲलर्जी एकदा जडली की परत कधी या कामाला हात लावता येत नाही. यात अजिबात हयगय नको.

थरावरथर:
साचेवाले दादा म्हणतात ते ओतकामाबद्दल सगळं बरोबर, पण रूळवेडा, तुमच्याकडे प्रिंटर आहे, ड्रॉइंग आहे, मग मध्ये सिलिकॉन कशाला आणायचं? आडव्या दोन बॉडी मावतात म्हणता ना, त्या टोकावर उभ्या लावा, जरासा कल देऊन. या प्रकारच्या प्रिंटरमध्ये अख्ख्या थराला एकदमच प्रकाश मिळतो, त्यामुळे प्लेटवर एक नग असो की आठ, वेळ तेवढाच, वेळ ठरतो उंचीवर. १३८ मिमी उंची आणि ०.०५ मिमीचा थर म्हणजे २७६० थर, रात्री लावलं की सकाळपर्यंत उतरलेलं असतं. उभी लावल्यानं बाजूच्या पत्र्यावर थरांच्या पायऱ्याही फारशा दिसत नाहीत आणि सपोर्ट एकाच टोकाला येतात, तेही आतल्या बाजूनं द्या म्हणजे त्यांचे खड्डे दिसणारच नाहीत.

माझ्या मते मोठा फायदा हा की स्टॉक करायला लागत नाही. दहा मागण्या आल्या, दहा काढल्या. ड्रॉइंगमध्ये काही सुधारायचं असेल तर पुढच्याच प्लेटला सुधारून निघतं, साचेवाल्याला नवीन मास्टर आणि नवीन साचा. आणि शंभरावा नग पहिल्यासारखाच.

फक्त दोन गोष्टी कडक पाळा. अल्कोहोलमध्ये धुतल्यावर पूर्ण वाळल्याशिवाय यूव्हीखाली ठेवू नका, पांढरे डाग येतात आणि रंग धरत नाही. आणि कुठेही बंद पोकळी ठेवू नका, टोकाच्या तिरक्या पत्र्याखाली ती हमखास होते, आत कच्चं रेझिन अडकतं आणि नग गिऱ्हाइकाकडे गेल्यावर काही महिन्यांनी तिथून तडकतो किंवा पाझरतो. खालून सढळ भोकं द्या आणि आतून सिरिंजनं धुवा.

साचेवाला:
मुद्दे मान्य, पण किट घेणारा माणूस त्यात ड्रिल मारणार, स्क्रू पिळणार, एखादवेळी हातातून पाडणार. प्रिंट तिथे टचकन तुटतो, पॉलियुरेथेन वाकून परत येतं. नुसता बघायचा डबा वेगळा आणि किट वेगळं. शिवाय रात्रीत आठ बॉडी निघाल्या तरी त्या आठांचे सपोर्ट कुणीतरी बसून काढायचेच आहेत.

पितळपत्रा:
शिड्यांबद्दल बोलतो, कारण बॉडीवर तुम्ही दोघं भांडाल तेवढं थोडंच आहे. शिड्या, वरचा जाळीदार चालपट्टा, ब्रेकच्या पट्ट्या हे सगळं एच केलेल्या, म्हणजे केमिकलनं कोरलेल्या, पितळेतच शोभतं. १:८७ मध्ये शिडीची पट्टी खऱ्या मापानं काढायची तर ०.२-०.२५ मिमीचा पत्रा लागतो आणि या जाडीला प्रिंट किंवा रेझिन दोन्ही टिकत नाहीत.

प्रोसेस अशी की पत्र्याच्या दोन्ही बाजूंना फोटोरेझिस्ट (प्रकाशानं चित्र उमटणारा लेप), त्यावर तुमच्या ड्रॉइंगच्या फिल्म, मग केमिकल जिथे उघडं मिळेल तिथे पितळ खातं. दोन्ही बाजूंनी खाल्लं की आरपार, एका बाजूनं खाल्लं की अर्धी जाडी. अर्धी जाडी म्हणजेच घडीची रेघ, आणि घडी घालताना रेघ नेहमी आतल्या बाजूला, हे सूचनापत्रात ठळक लिहा कारण उलटं वाकवलं की पट्टी तुटते. केमिकल खाली खातं तसं आडवंही खातं, म्हणून भोक किंवा फट पत्र्याच्या जाडीपेक्षा बारीक काढू नका, ०.२५ च्या पत्र्यात ०.३ च्या खाली मी जात नाही. पट्ट्याही ड्रॉइंगमध्ये किंचित रुंद ठेवाव्या लागतात, किती ते तुमचा एचिंगवाला सांगेल, प्रत्येकाचं गणित वेगळं.

काम बाहेर द्या. खर्चाचा मोठा भाग फिल्मचा असतो, तो एकदाच, नंतर पत्रे वाढवले तर प्रत्येकी खर्च पटकन उतरतो. म्हणून पत्र्यावर एक इंचही मोकळा सोडू नका, उरलेल्या जागेत जादा शिड्या, हातदांड्यांची भोकं पाडायचा जिग (माप धरून ठेवणारी पट्टी), नंबरप्लेट काहीही भरा, गिऱ्हाईक जादाचे भाग बघून खूश होतं. शंभर पत्र्यांची ऑर्डर द्यायच्या आधी एक पत्रा काढून स्वतः वाकवून, सोल्डर करून बघा.

सोल्डर करणारं गिऱ्हाईक असेल तर पितळेऐवजी जर्मन सिल्व्हरचाही विचार करा, उष्णता कमी पळवतं त्यामुळे सोल्डर सोपं जातं. तुमच्या किटमध्ये बहुतेक जण सुपरग्लूच वापरतील, मग पितळ पुरे. हातदांडे मात्र एच करू नका, एच केलेला दांडा चपटा दिसतो, ०.३ मिमीची गोल तार घाला आणि पत्र्यावरचा वाकवायचा जिग द्या.

रूळवेडा:
एकेक प्रतिसाद परत परत वाचतोय, खूप आभार सगळ्यांचे. अजून एक राहिलं, वजन. माझी प्रिंट केलेली वॅगन रिकामी असताना गाडीच्या मध्ये लावून मागे ढकलली की वळणावर उचलते. हॉपरला सपाट तळच नाही तर वजन लावायचं कुठे? आणि बोगी-चाकांचं काय ते कुणी बोललं नाही.

चाकजोडी:
मी बोलतो. वजनासाठी एनएमआरएची, म्हणजे अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची, शिफारस आहे आरपी-२०.१, एचओसाठी १ औंस अधिक दर इंच लांबीला अर्धा औंस. तुमची १३८ मिमी म्हणजे साधारण ५.४ इंच, म्हणजे ३.७ औंस, १०५ ग्रॅमच्या आसपास. रेझिनची बॉडी आणि प्लॅस्टिकच्या बोगी धरून तुम्ही याच्या निम्म्यालाही पोचत नसाल, म्हणून ती उचलते.

जागा आहे, टोकाच्या तिरक्या पत्र्यांच्या खाली. बोगीच्या बरोबर वर दोन्ही टोकांना जो तिकोनी कोनाडा होतो तिथे वजन बसवा. शिसं नको, स्टीलचे तुकडे किंवा टंगस्टनचे तुकडे घ्या. टंगस्टन महाग पडतं पण शिशापेक्षा जवळजवळ पावणेदोन पट जड, छोट्या कोनाड्यात तेच पुरतं. वजन जितकं खाली आणि बोगीच्या डोक्यावर तितकं बरं. ड्रॉइंगमध्येच त्या मापाचा कप्पा करून ठेवा म्हणजे घेणाऱ्याला डोकं चालवायला नको. भरलेल्या वॅगनसाठी वर कोळशाचा खोटा थर दिलात तर त्याखालीही जागा मिळते पण रिकामी वॅगन नीट पळाली पाहिजे, तीच कसोटी.

चाकं स्वतः बनवायचा विचारही करू नका. एनएमआरएच्याच आरपी-२५ प्रोफाइलची (चाकाच्या कडेच्या ठरावीक आकाराची) तयार चाकजोडी घ्या, टोकदार ॲक्सलवाली, एका बाजूचं चाक इन्सुलेटेड असतं. तुम्ही कितीही नीट काढलंत तरी दोन चाकांमधलं अंतर शंभर जोड्यांत सारखं ठेवणं घरच्या लेथवर जमत नाही आणि पॉइंटवर, म्हणजे रूळ दोन वाटांना फुटतो तिथे, गाडी उतरली की दोष तुमच्या किटचा. बोगीच्या कडेच्या फ्रेम तुमच्या वॅगनला वेगळ्या असतील तरच ओता, पण मग ॲक्सलच्या टोकाला पितळेचे कप बेअरिंग बसवायची जागा ठेवा, नुसत्या रेझिनमध्ये टोक फिरत राहिलं की भोक मोठं होऊन वॅगन डुलायला लागते.

व्हाइट मेटलच्या (कमी उष्णतेत वितळणाऱ्या मिश्रधातूच्या) बोगीही करता येतात, वजन आपोआप खाली येतं. पण रबराचा साचा गरम करून दाबाखाली पक्का करतात, त्या उष्णतेत प्रिंटचा मास्टर चेपतो, त्यासाठी पितळेचा मास्टर लागेल. आणि फ्रेम धातूची केलीत, वर धातूचा चालपट्टा आणि धातूचे कपलरही आले, तर दोन्ही बोगींची इन्सुलेटेड चाकं एकाच बाजूला आलीच पाहिजेत. एक बोगी उलटी बसली आणि मध्ये धातूचा जोड असला की वॅगन स्वतःच शॉर्ट करते. हे सूचनापत्रात चित्र काढून दाखवा.

कपलरसाठी फक्त जागा द्या. केडी या कपलर बनवणाऱ्या कंपनीच्या नंबर ५ चा बॉक्स बसेल आणि कपलरचा मध्य रुळाच्या माथ्यापासून २५/६४ इंच, म्हणजे ९.९ मिमीवर येईल असं सपाट पॅड काढा. केडी हे नाव कीथ आणि डेल या दोन जुळ्या भावांच्या आद्याक्षरांवरून आलंय आणि त्यांची ओळख एका कपलरवर उभी राहिली, आपण सगळे आजही उंची त्यांच्याच गेजनं मोजतो. एक भाग नीट बनवला तर तो किती लांब जातो बघा. युरोपियन गिऱ्हाईक मागत असेल तर एनईएम ३६२ या युरोपियन मानकाचा कपलरचा खिसा वेगळा तुकडा म्हणून द्या, बॉडीत एकजीव करू नका.

किटवाली:
मी ओ स्केलच्या, म्हणजे एचओपेक्षा मोठ्या मापाच्या, इमारतींची आणि काही वॅगनची किट बनवून विकते, त्यामुळे कारागिरीनंतरच्या भागाबद्दल सांगते, कारण निम्मं काम तिथेच असतं आणि किंमत लावताना तेच सुटतं.

एक किट सुरुवातीपासून शेवटपर्यंत बनवून घड्याळ लावा. ओतणं, फ्लॅश (कडेला आलेलं जादाचं रेझिन) कापणं, भाग मोजणं, पिशवीत घालणं, डबा बंद करणं, पत्ता लिहिणं, मेलला उत्तर देणं, सगळं धरा. त्या वेळाला पैसे लावा, मग साहित्य, मग साच्याचा आणि एचिंगच्या फिल्मचा खर्च शंभराने नाही तर सत्तरने भागा, कारण काही कास्टिंग वाया जातील, काही किट तुटलेल्या भागांच्या बदल्यात फुकट जातील. जी रक्कम येईल ती खाली आणायचा मोह आवरा. ओळखीचे आहेत म्हणून साहित्याच्या खर्चात किट दिलीत तर पुढच्या माणसाला खरी किंमत सांगताच येत नाही.

भाग कमी पडल्याच्या तक्रारी टाळायला मी ०.०१ ग्रॅमचा काटा वापरते. नीट भरलेली पिशवी एकदा तोलायची, मग प्रत्येक पिशवी तोलून बघायची. रेझिनच्या तुकड्यांत थोडा फरक असतोच, म्हणून बारीक भागांची पिशवी वेगळी भरून वेगळी तोला, त्यात चाकं, स्क्रू, बेअरिंग असतात, एखादं बेअरिंग कमी असलं तरी लगेच कळतं.

सूचनापत्र स्वतः लिहा पण वाचायला आणि बनवायला अशा माणसाला द्या ज्यानं ही वॅगन बघितलेली नाही. तो जिथे थांबला आणि विचारलं, तिथे चित्र कमी आहे. शेजारी बसून मदत करू नका, नुसतं बघा आणि लिहून घ्या.

लोगो आणि डेकल, म्हणजे मॉडेलवर चिकटवायची छापील अक्षरं आणि चिन्हं. पांढरी अक्षरं साध्या प्रिंटरवर येत नाहीत, त्यामुळे डेकल बाहेरून छापून घ्यावे लागतील. पण त्याआधी रेल्वे कंपनीच्या चिन्हाची परवानगी लागते का ते बघा. अमेरिकेत युनियन पॅसिफिकनं मॉडेल बनवणाऱ्यांकडे लोगोसाठी परवाना फी मागितली होती, प्रकरण कोर्टात गेलं आणि २००६ मध्ये फी न घेता परवाना द्यायचं ठरलं. प्रत्येक कंपनी तसं करेलच असं नाही, पत्र पाठवून लेखी उत्तर घ्या. उत्तर येईपर्यंत नुसते नंबर आणि वजनाच्या खुणा छापा.

डब्यावर हे खेळणं नाही, १४ वर्षांवरच्या मॉडेल करणाऱ्यांसाठी आहे असं लिहा. आणि बोगी ओतायचं ठरवलंत तर दुसऱ्याच्या किटमधली बोगी घेऊन तिचा साचा काढू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. त्या माणसानं मास्टरसाठी रात्री घालवलेल्या असतात. तुमचं ड्रॉइंग तुम्ही काढलंय हीच तुमची ताकद आहे.

रूळवेडा:
ताई, काट्याची युक्ती फार आवडली, काटा मागवतोच. मंडळी, असं ठरवतोय, बॉडी सपाट तुकड्यांत करून टिनवाल्या सिलिकॉनमध्ये ओतायची, शिड्या आणि चालपट्टा एचिंगला द्यायचा, चाकं आणि बेअरिंग विकत आणून किटमध्येच घालायची, कपलर घेणाऱ्यानं स्वतःच्या पसंतीचे लावायचे, फक्त पॅड द्यायचं. थरावरथर, तुमच्या पद्धतीनं उभी लावून मास्टर प्रिंट करतो. पहिले दहा संच आधी करून लेआउटवर पळवून बघणार. एचिंगचं ड्रॉइंग या आठवड्यात पाठवून देऊ का म्हणजे दोन्ही कामं बरोबर चालतील?

साचेवाला:
थांबा, अजिबात पाठवू नका. टिनवालं सिलिकॉन थोडं आकसणार, रेझिन थोडं आकसणार, आणि चार तुकड्यांचा उत्पादन साचा म्हणजे दुसरी पिढी, तिथे परत दोन्ही आकसणार. सगळं मिळून अर्धा टक्का धरलं तरी १३८ मिमीवर ०.७ मिमी झाले. पितळ मात्र तुमच्या ड्रॉइंगच्या मापाचंच येणार, मग चालपट्टा बॉडीच्या टोकाबाहेर डोकावेल आणि शिडीचे पाय भोकांना जुळणार नाहीत. उत्पादनाच्या साच्यातून पहिले तुकडे निघाले की एक दिवस तसेच ठेवा, मग व्हर्नियरनं लांबी आणि भोकांमधलं अंतर मोजा, त्या मापावर पितळेचं ड्रॉइंग करा. मास्टर तेवढ्या टक्क्यानं मोठा प्रिंट केलात तर अजून उत्तम, त्यासाठी आधी १०० मिमीची एक साधी पट्टी प्रिंट करून दोन्ही पिढ्यांतून ओतून मोजा, तुमच्या सिलिकॉनचा आणि रेझिनचा खरा आकडा हातात येईल.

पितळपत्रा:
साचेवाल्यांना अनुमोदन. आणि शिडीच्या पायांची भोकं बॉडीत गोल न ठेवता लांबट करा, ०.२ मिमीचा फरक त्यात सहज खपतो.